बॅटरी कोणी उतरवली?

काही गावं देवळांमुळे लक्षात राहतात, काही खाण्यापिण्यामुळे, आणि काही तिथे गाडी बंद पडली म्हणून. बीदर जिल्ह्यातलं संतपूर माझ्यापुरतं या तिसऱ्या यादीत आहे. बंद पडलेल्या गाडीच्या आठवणी सहसा शिव्याशापांच्या असतात. ही तशी नाही. त्या गावातल्या एका मिस्त्रीने माझी गाडी तर चालू करून दिलीच, पण पावणेदोन वर्षं माझ्या डोक्यात घट्ट बसलेली एक समजूतही उखडून टाकली. ती समजूत माझ्या बाबांविषयी होती, आणि ती गेली तेव्हा ते ऐकायला बाबा राहिले नव्हते.

२०१९ चा मे महिना होता. बाबांचं वर्षश्राद्ध आटोपलं आणि आईने गाणगापूरचं नाव काढलं. आमच्या घरी दत्तजयंतीला गुरुचरित्राचं पारायण चाले, ते बाबांच्या आवाजात. भीमा-अमरजेच्या संगमावर ते दोनदा जाऊन आले होते, तिसऱ्यांदा जायचं राहून गेलं होतं. ते आपण करू, असं आई म्हणाली. डिचोलीहून चोर्ला घाट चढून बेळगाव, विजयपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाणगापूर, मग कलबुर्गीवरून हुमनाबादजवळचं माणिकनगर आणि पुढे बीदर असा बेत ठरला. आई, बायको आणि मी.

गुरुचरित्र वाचणाऱ्याला बीदर तसं अनोळखी नसतं. ग्रंथाच्या शेवटाकडे वैदुरा नगरीच्या राजाच्या मांडीवर फोड होतो आणि तो श्रीगुरूंच्या दर्शनाला येतो, ते वैदुरा म्हणजे बीदर. विठू महाराचं रूप घेऊन पांडुरंगाने दामाजीपंतांच्या धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली, तो दरबारही बीदरच्या बादशहाचाच. गंमत अशी की गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मायबोली कानडी आणि ग्रंथ मात्र मराठी. त्या भागात फिरताना याचं आश्चर्य वाटेनासं होतं. तिथे एकच माणूस दुकानदाराशी कानडीत, रिक्षावाल्याशी दखनीत आणि घरी मराठीत बोलतो.

संतपूर हे बीदरहून औरादला जाणाऱ्या रस्त्यावर, औरादच्या अलीकडे. बँकेतले माझे एक जुने सहकारी तिथले. नोकरीची सहा वर्षं त्यांनी गोव्यात काढली, आमच्या घरी चतुर्थीला जेवले, बाबांशी नाट्यसंगीतावर वाद घातले. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. इतक्या जवळ येऊन न जाणं शक्यच नव्हतं. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आपल्याकडे १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला, त्याच वर्षी तिकडे महाजन आयोगाचा अहवाल आला. असो. सीमाप्रश्न काढून बसायचा माझा विचार नाही. त्या घरी आम्हांला परकं वाटलं नाही, एवढंच सांगायचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास गाडी त्यांच्या अंगणात चिंचेखाली लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. शनिवारी लग्न झालं. रविवारी सकाळी सातला निरोप घेऊन सगळे गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि विझले.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. म्हणूनच क्षणभर मी गांगरलो. कारण याआधी हा आवाज मी दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा त्याचं कारण मला 'माहीत' होतं. कारण म्हणजे बाबा. आता बाबा नव्हते.

इथे थोडं मागे जायला हवं.

आमची वॅगन-आर जुनी. तिच्यात कंपनीने दिलेला सेट नव्हता. २०१७ च्या पाडव्याला मी हौसेने एक बसवून घेतला. साधासुधा नव्हे. पुढे सेट, दारांत स्पीकर, ड्रायव्हरच्या सीटखाली अँप्लिफायर आणि डिकीत वूफर. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही; अशी दुकानं गोव्यातल्या प्रत्येक शहरात आहेत. चार तासांत काम झालं, आवाज छान आला, मी पैसे दिले.

या सेटचा खरा धनी मात्र बाबा झाले. वय ब्याऐंशी. घरात दुपारी टीव्हीवर मालिका. त्यांच्या कॅसेटी मुलाने पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या होत्या. अभिषेकीबुवा, वसंतराव, जुनी नाट्यपदं, भजनं. एमिसोरा द गोवा ऐकत मोठा झालेला तो माणूस. दुपारी जेवण झालं की किल्ली मागायचे, फणसाखाली उभ्या गाडीत जाऊन बसायचे, चारही काचा खाली करून अर्धा तास ऐकायचे. मग सेट बंद, काचा वर, किल्ली परत माझ्या हातात. बँकेत चलन भरावं तसा नेमस्तपणा.

जुलैत मी तापाने तीन दिवस घरी होतो. चौथ्या दिवशी गाडी सुरू होईना. बॅटरीवाला आला, म्हणाला, बॅटरी जुनी झालीय. नवी घातली. पुढे ऑगस्टमध्ये चतुर्थी आली. गुरुवारी संध्याकाळी सामान आणून गाडी लावली ती थेट रविवारी सकाळी काढायला गेलो. टक्. बॅटरी तर दीड महिन्याची! ज्याने ती ओढून चालू करून दिली त्याने विचारलं, "कोणी बसून गाणी ऐकतं का गाडीत?"

झालं. मला उत्तर सापडलं.

मी ओरडलो नाही, पण बोललो ते ओरडण्याहून वाईट होतं. पाहुण्यांच्या देखत म्हणालो, "बाबा, गाडी म्हणजे काही मांडवातली बैठक नव्हे. तुमच्या गाण्यांपायी दोन बॅटऱ्या खर्ची पडल्या." ते एवढंच म्हणाले, "मी बंद करून उतरलो होतो." मी म्हटलं, "मग काय भुताने उतरवली?" ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी किल्ली कधी मागितली नाही.

आणि आता पुढचा भाग, जो मला आज सर्वांत जास्त टोचतो. त्यानंतर बॅटरी एकदाही उतरली नाही! मी मनात म्हणायचो, बघा, बाबा बसायचे थांबले आणि दुखणं संपलं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? मधूनमधून, एखाद्या दिवशी गाडी बाहेर पडली नसली की दुसऱ्या सकाळी सेल्फ जरा जड उचलायचा. पण मीही सकाळी जडच उठतो, तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. २०१८ च्या माघात बाबा गेले. त्या तेरा दिवसांत गाडी दिवसाला चार-चार वेळा धावत होती.

तर संतपूर. यजमानांनी ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीवरून तारा जोडून गाडी सुरू केली आणि "रस्त्यावर एक जण आहे, हुशार आहे" म्हणून स्वतः पुढे मोटारसायकलवरून वाट दाखवत नेलं. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, पाटी कानडीत. आत पन्नाशीचे एक मिस्त्री, पांढरी गोल टोपी घातलेले. दुकानातली पोरं त्यांना उस्ताद म्हणत होती. मी उतरल्या उतरल्या म्हणालो, "बॅटरी खराब झालीय, नवी असली तर घाला."

त्यांनी बॅटरीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "गाडी उभी कधी केली?" शुक्रवारी संध्याकाळी. "घरी रोज चालते?" रोज, साठ किलोमीटर. "सेट कंपनीचा हाय का बाहेरून बसवलेला?" बाहेरून. "मग बॅटरीला कशाला गाळ्या देता सायेब? आदी बगू कुटं जायलाय करंट."

मला हे वाक्य फार आवडलं. गोव्यात तीन माणसांनी माझी गाडी पाहिली होती आणि तिघांनीही बॅटरीपासून सुरुवात केली होती. आपल्याकडे गॅरेजात राबणाऱ्या त्या बाजूच्या पोरांना आपण सरसकट 'घाटी' म्हणून मोकळे होतो. घाटावरच्या या माणसाने आधी प्रश्न विचारले, मग हत्यार उचललं.

त्यांनी माझी बॅटरी काढून चार्जरला लावली. तिच्यावर मीटर ठेवला तेव्हा ११.७ व्होल्ट दिसले. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या आसपास दाखवते. आत सहा घरं, प्रत्येकात दोन व्होल्टच्या जरा वर. १२.२ म्हणजे निम्मी. ११.७ म्हणजे तळ. गाडी सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर चौदाच्या आसपास व्होल्ट देऊन तिला पुन्हा भरू लागतो, म्हणून रोज धावणाऱ्या गाडीत रात्रीची गळती सकाळच्या प्रवासात भरून निघते. भोक असलेल्या हंड्यात रोज सकाळी कोणी पाणी ओतत असेल तर हंडा गळतो हे कळणार कधी? ज्या दिवशी ओतणारा येत नाही त्या दिवशी. मी रोज पणजीला जात होतो, म्हणून मला कळलं नाही. माझा तो 'पुरावा' तिथल्या तिथे ढिला झाला.

मग दुकानातली एक भरलेली बॅटरी त्यांनी माझ्या गाडीला लावली, पण ऋण टोकाची वायर जोडली नाही. वायर आणि टोक यांच्यामध्ये इंडिकेटरचा एक बल्ब धरला. किल्ली माझ्या खिशात, सगळं बंद. ड्रायव्हरच्या दाराच्या खाचेतलं बटण एका पोराला दाबून धरायला लावलं, नाहीतर आतला दिवाच भुलवतो म्हणाले. गाडीत काहीच चालू नसेल तर बल्ब लागायचं कारण नाही.

बल्ब लागला. भकभकीत नव्हे, उदबत्तीच्या टोकासारखा, तांबूस. पण लागला.

"बगा. जायलाय."

त्यांनी डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक काढायला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे. ज्या फ्यूजच्या वाटेने करंट गळतोय तो काढला की बल्ब विझणार. हॉर्न, वायपर, सिगारेट लायटर, आतला दिवा, रेडिओ. प्रत्येक फ्यूज काढला की आम्ही सगळे बल्बकडे बघत होतो. आईसुद्धा प्लास्टिकच्या खुर्चीवरून मान उंचावून बघत होती. रेडिओच्या फ्यूजला मला खात्री होती की विझणार. तांबूसपणा जेमतेम कमी झाल्यासारखा वाटला, विझला नाही. बॉनेटमधले फ्यूजही निघाले. गाडीतला प्रत्येक फ्यूज आता पोराच्या हातातल्या ताटलीत होता, आणि बल्ब तसाच.

मी म्हटलं, "आता?" उस्ताद हसले. "आता सोपं झालं. कंपनीच्या वाटेने चोर येत न्हाई, म्हंजे त्याची वाट येगळी हाय."

बॅटरीच्या धन टोकावरून एक जाड लाल वायर कोणत्याही फ्यूज पेटीत न जाता सरळ केबिनमध्ये घुसली होती. ती अँप्लिफायरची. अँप्लिफायरला करंट जास्त लागतो, म्हणून त्याची वायर थेट बॅटरीवरून नेतात. त्यात गैर काही नाही. वाटेत काचेच्या नळीत एक वेगळा फ्यूज असतो. तो त्यांनी खेचला. बल्ब विझला. पुन्हा बसवला. लागला. पुन्हा खेचला. विझला.

मग बल्बच्या जागी मीटर लावला. थोडा वेळ थांबले. काही यंत्रं बंद झाल्यावरही दोन-चार मिनिटं जागी असतात, म्हणाले, आणि हल्लीच्या नव्या गाड्यांत तर त्याहूनही जास्त. आकडा स्थिरावला, ०.७ अँपिअर. अर्ध्या तासाने त्यांनी मला सीटखाली हात घालायला सांगितला. अँप्लिफायर कोमट होता. गाडी बंद, सेट बंद, गाणं नाही, आणि तो अंगात कणकण असल्यासारखा कोमट.

"गाडी सो गई, बाजा जागता रह गया," उस्ताद दखनीत म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत, "आवाज बंद म्हंजे करंट बंद, असं नस्तंय सायेब."

कारण काय ते सेट बाहेर काढल्यावर दिसलं. बहुतेक सेटांच्या मागे वायरींचा रंग ठरलेला असतो. काळी जमिनीची. पिवळीत कायम करंट, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरता. लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. आणि एक बारीक निळी. तिचं काम फक्त निरोप सांगण्याचं. सेट चालू झाला की ती अँप्लिफायरला म्हणते 'ऊठ', सेट बंद झाला की तिच्यातला करंट जातो आणि अँप्लिफायर झोपतो. आमच्या गाडीत अँप्लिफायरची निरोपाची वायर निळीला न जोडता पिवळीला जोडली होती. म्हणजे पाडव्याच्या त्या दिवसापासून अँप्लिफायरला रात्रंदिवस 'ऊठ, ऊठ' असाच निरोप जात होता. झोप म्हणून सांगणारं कोणीच नव्हतं.

"असं का केलं असेल?" मी विचारलं.

"पिवळी हाताशी होती आसंल," ते म्हणाले. "काही जण लाल-पिवळी एकत्र पिळतेत. मग किल्ली काढली तरी गाणं चालतंय, गिऱ्हाईक खूश. गाणं वाजलं, पैसे मिळाले, काम झालं."

तेवढ्यात माझ्या मनात एक गोष्ट आली आणि मी ती विचारलीच. "उस्ताद, सेट चालू करून हळू आवाजात एखादं गाणं लावलं तर किती जातो?" ते म्हणाले, लावून बघू. मीटर मध्ये ठेवूनच किल्ली ॲक्सेसरीपर्यंत फिरवायला लावली. (पुढे नको, म्हणून दोनदा बजावलं. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागच्या जागी उडेल.) पेनड्राइव्ह आत होताच. बाबांनी आवाजाची मर्यादा ठेवली होती तीच ठेवली. संतपूरच्या त्या पत्र्याच्या शेडखाली अभिषेकीबुवांचा आवाज सुरू झाला. पोरं काम थांबवून ऐकू लागली. आईने पदर डोळ्यांना लावला. मी मीटरकडे बघत होतो. आकडा खालीवर होत दोनच्या आसपास राहिला.

लग्नाची पत्रिका खिशात होती. तिच्या मागे मी हिशेब मांडला. बँकेतला माणूस, दुसरं काय करणार?

छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी सकाळी सात, ३७ तास. ३७ गुणिले ०.७ म्हणजे २६. पस्तीसातले सव्वीस गेले, गाडी कशी सुरू होणार? आता २०१७ ची चतुर्थी. गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ, साठ तास. साठ गुणिले ०.७ म्हणजे ४२. बॅटरीत होते त्यापेक्षा जास्त. आणि बाबा? अर्धा तास, दोन अँपिअर. एक अँपिअर-तास. रोज ऐकलं असतं तरी तीन दिवसांचे तीन. बाबा गाडीकडे फिरकलेच नसते तरी रविवारी सकाळी तेच टक् ऐकू आलं असतं. ते झोपलेले असायचे त्या एका रात्रीत अँप्लिफायर पाचाच्या वर खात होता. बाबांचा अर्ध्या तासाचा एक मात्र मी पाहुण्यांसमोर मोजून दाखवला होता.

ती पत्रिका मी आईला दाखवली, आकडे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं. आकड्यांत तिला रस नव्हता. मग कोकणीत म्हणाली, "तांणी तुका सांगिल्लें न्ही रे?"

त्यांनी तुला सांगितलं होतं ना. खरंच, सांगितलं होतं. 'मी बंद करून उतरलो होतो,' पाच शब्द. त्या पाच शब्दांत संपूर्ण निदान होतं. सेट बंद करूनही बॅटरी उतरत असेल तर सेट बंद केल्यावर काय चालू राहतं ते शोधायला हवं, हे त्यातून सरळ निघत होतं. उस्तादांनी तेच शोधलं. फरक इतकाच की त्यांनी सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी किल्ली काढली होती म्हटलं तेव्हा त्यांनी 'नक्की का?' असं एकदाही विचारलं नाही.

उस्तादांनी निरोपाची वायर पिवळीवरून सोडवून निळीला जोडली, डाग दिला, टेप गुंडाळली. सेट जागेवर बसवून पुन्हा मीटर लावला. ०.०२. "एवढं ऱ्हातंय, घड्याळाला लागतंय," म्हणाले. ०.०५ च्या आत असेल तर काळजी नाही. मी पत्रिकेवर तेही मांडलं. दोन दिवसांत संपणारी बॅटरी आता नुसती उभी राहिली तर दोन महिन्यांहून अधिक पुरायला हवी. अर्थात पूर्ण उतरण्याचे फटके तिने खाल्ले होते. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. लगेच भरली तर ते परत विरघळतं, तशीच पडून राहिली तर घट्ट होतं आणि मग ती पूर्वीइतकी भरतच नाही. "आजून साल-दीड साल चालंल," ते म्हणाले. पैसे किती? दीडशे. मी पाचशेची नोट पुढे केली, त्यांनी साडेतीनशे परत दिले. नवी बॅटरी विकून त्यांना सहज जास्त मिळाले असते, आणि मी तर ती मागतच आलो होतो.

मोटारीत गाणं आणि बॅटरी यांचं वैर तसं जुनंच. १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा सेल्फ आला आणि हँडल मारायची कटकट संपली. बाबा सांगायचे, लहानपणी गावात येणारी कारेर हँडल मारून सुरू करत, आणि ते उलटं बसलं तर माणसाचा हात मोडायचा. १९३० साली अमेरिकेत मोटोरोला नावाने मोटारीचा रेडिओ निघाला. ते व्हॉल्व्हचे रेडिओ इतकी वीज खायचे की त्यांच्यासाठी गाडीत निराळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. म्हणजे त्या काळच्या माणसाला माहीत होतं की गाण्याची किंमत कुठून तरी वळती होते. आता सगळं मुकाट्याने चालतं. डॅशकॅम, ट्रॅकर, चार्जर असं जे जे आपण मागाहून गाडीत जोडतो ते आपण झोपल्यावर काय करतं, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून वाचकांना एक सांगणं. गाडी दोन दिवस उभी राहिल्यावरच बॅटरी उतरत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी गळती मोजून घ्या. आणि घरातल्या कोणावर आळ घेण्याआधी तर नक्कीच.

त्या दिवशी उदगीरवरून परतीच्या वाटेला लागलो. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. दामाजीपंतांची रक्कम बीदरच्या दरबारात भरली गेली तेव्हा भरणाऱ्याने पावती घेतली होती. माझ्याकडेही पत्रिकेच्या मागचा हिशेब होता, अगदी चोख. पण तो घेऊन जायचं कोणाकडे? घरी आल्यावर ती पत्रिका मी गुरुचरित्राच्या पोथीत ठेवली. अजून तिथेच आहे.

त्या वर्षीची चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. रविवारी संध्याकाळी गाडी फणसाखाली लावली ती गुरुवारी सकाळपर्यंत हलवली नाही. मुद्दामच. गुरुवारी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. मधल्या तिन्ही दुपारी आई तिच्यात बसून अर्धा-अर्धा तास गाणी ऐकत होती.